हिरवा दिवा नक्की कोणाच्या हातात?

मिशिगनमधे पीएचडी करत होतो तेव्हाची, २०१३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, थंडी उणे दहाच्या आसपास, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी सायकलवर लाल दिव्यापाशी एकटा उभा! इकडे बऱ्याच चौकांत रस्त्याखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर गाडी आली की तिच्या धातूमुळे त्यातला विद्युतप्रवाह बदलतो आणि सिग्नलला कळतं की कोणीतरी थांबलंय. माझी सायकल मात्र त्याच्या खिजगणतीतही नव्हती. रविवारी फोनवर हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे, कुत्रंसुद्धा नाही रस्त्यावर, आणि तू थांबतोस?"

थांबलो, आणि वेळ घालवायला वर बघत बसलो. खांबाच्या टोकाला एक छोटा अँटेना दिसला. माझा विषयच वायरलेस, त्यामुळे लगेच प्रश्न पडला की हा खांब बोलतोय कोणाशी? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना हाती लागलं ते आज लिहितोय.

सुरुवात लंडनची. डिसेंबर १८६८ मधे तिथल्या पार्लमेंटबाहेर जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या माणसाच्या कल्पनेतून पहिला सिग्नल उभा राहिला. दिवसा रेल्वेसारखे हात वर-खाली व्हायचे, रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे. महिन्याभरात गॅस गळून स्फोट झाला, तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. पुढे वीज आली. १९१४ साली क्लीव्हलंडमधे विजेचे लाल-हिरवे दिवे लागले, आणि १९२० साली डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्यात पिवळा घालून चारही बाजूंना दिसणारा तिरंगी सिग्नल केला. गंमत म्हणजे याच डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली. सिग्नल आणि रेडिओ एकाच गावात नांदत होते, पण त्यांचं लग्न लागायला अजून बराच अवकाश होता.

सिग्नलना एकमेकांशी बोलायची गरजच काय? समजा, दोन चौकांत ४०० मीटर अंतर आहे आणि गाड्या ताशी ५० किलोमीटरने जातात. पहिल्या चौकातून सुटलेली गाडी साधारण २९ सेकंदांनी दुसऱ्या चौकात पोचते. दुसरा दिवा बरोबर तेवढ्या उशिराने हिरवा झाला तर गाडीला थांबावं लागत नाही. असे दहा चौक ओळीने जमवले की झाली हिरवी लाट. पण त्यासाठी दहाही चौकांची घड्याळं जुळलेली हवीत. पुष्कळ सिग्नलपेट्या विजेची आवर्तनं मोजून वेळ ठेवत. सगळीकडे वीज एकाच ग्रिडमधून येत असल्याने पुढेमागे झाल्या तरी सगळ्या एकत्रच व्हायच्या. पण एका चौकातली वीज पाच मिनिटं गेली की तिथलं घड्याळ मागे, आणि लाटेचे तीनतेरा.

यावर उपाय म्हणजे तार. सॉल्ट लेक सिटीत १९१७ सालीच सहा चौक तारेने जोडून एका हाताने चालवले होते. टोरांटोने १९६३ मधे सिग्नल संगणकाला जोडले. पण तार टाकायची म्हणजे रस्ता खणायचा, आणि रस्ता खणणे हे प्रकरण किती खर्चिक आणि किती काळ चालतं हे पुणेकरांना मी काय सांगावं?

बिनतारी नियंत्रणाचा पहिला मोठा प्रसार झाला तो रेडिओने नव्हे, प्रकाशाने. थ्रीएम कंपनीने आणलेल्या 'ऑप्टिकॉम' यंत्रणेत अग्निशमनाच्या बंबावर एक लुकलुकणारा दिवा असतो. तो सेकंदाला सुमारे १४ वेळा लुकलुकला की सिग्नलवरचा संवेदक समजतो की बंब येतोय, आणि त्या दिशेला हिरवा देतो. बससाठी हाच वेग सुमारे १०. इतकी साधी भाषा! म्हणजे ती नक्कल करायलाही तितकीच सोपी. इंटरनेटवर असे दिवे कोणालाही विकले जाऊ लागले आणि घाईत असलेले लोक स्वतःला बंब समजू लागले. शेवटी २००५ साली अमेरिकेत कायदा करून अनधिकृत वापराला सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवावी लागली. नव्या यंत्रणांत दिव्याबरोबर सांकेतिक क्रमांकही जातो, पण जुने संवेदक एका दिवसात थोडेच बदलतात?

रेडिओची वाट मोकळी झाली १९८५ साली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे ठरावीक अटींवर विनापरवाना वापरायला दिले. तुमच्या घरातलं वायफाय हे त्याच निर्णयाचं अपत्य. सिग्नलवाल्यांनाही हे वरदान वाटलं. ना खणणं, ना परवाना, ना मासिक बिल. माझ्या डोक्यावरचा तो अँटेना याच घराण्यातला.

आता २०१४ चा ऑगस्ट. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्ते खात्याच्या रीतसर परवानगीने राज्यातल्या सुमारे शंभर चौकांची एक यंत्रणा तपासली. रेडिओवरचं बोलणं उघडं, कुठलंही कूटलेखन नाही. नाव आणि पासवर्ड कारखान्यातून आले तेच. शिवाय सिग्नलच्या संगणकाचं दुरुस्तीसाठी ठेवलेलं दार सताड उघडं. त्याच जातीचा एक रेडिओ आणि एक लॅपटॉप एवढ्या भांडवलावर त्यांनी दिवे हवे तसे बदलून दाखवले. कंपनीचं म्हणणं काय, तर आम्ही उद्योगाचं प्रमाणित मानकच पाळलं, सुरक्षा त्या मानकातच नाही!

हसू नका. हा निबंध वाचल्यावर मी गुपचूप आमच्या लॅबच्या गच्चीवर गेलो. तिथे मी स्वतः बसवलेल्या रेडिओचा पासवर्ड दोन वर्षं 'अ‍ॅडमिन' होता. वायरलेसमधे पीएचडी करणाऱ्याची ही कथा, तर चौकात पेटी बसवणाऱ्याला काय बोलणार?

आणि धोका फक्त हुशार हॅकरचाच असतो असं नाही. जोहान्सबर्गमधे सुमारे ६०० सिग्नलमधे मोबाईलचं सिमकार्ड घातलं होतं, बिघाड झाला की आपोआप कळावं म्हणून. चोरांनी पेट्या फोडून सिमकार्डं पळवली आणि त्यावर मनसोक्त फोन केले. २०११ च्या सुरुवातीला बातमी आली तेव्हा सुमारे ४०० सिग्नल बिघडलेले होते. सिमकार्डावरून फोन करता येणार नाही एवढी साधी सोय केली असती तर चोरीत काही अर्थच उरला नसता.

मग मिशिगनच्या त्या संशोधकांना चारही बाजूंना एकदम हिरवा करता आला का? नाही. कारण तिथल्या पेटीत आणखी एक मुकाट यंत्र असतं. दिव्यांच्या तारांवर प्रत्यक्ष किती दाब आहे तेवढंच ते पाहतं. दोन आडव्या दिशांना एकदम हिरवा दिसला की ते संगणकाला न विचारता सगळे दिवे लुकलुकत्या लालवर टाकतं. मग कोणीतरी माणूस तिथे जाऊन पूर्ववत करेपर्यंत तसंच. कुठले दिवे एकत्र चालतील हे त्यातल्या एका कार्डावर डाख देऊन जोडलेल्या तारांच्या तुकड्यांनी ठरतं. त्या तारा रेडिओवरून बदलता येत नाहीत. चौक ठप्प करता येतो, पण ज्या अपघाताची आपल्याला खरी भीती, तो घडवणं फार अवघड होऊन बसतं.

बाबांना मी तेव्हा नीट उत्तर दिलं नव्हतं. लाल दिव्याला आपण थांबतो ते आपला हिरवा असताना समोरचा थांबेल या भरवशावर. तो भरवसा एकदा गेला की खांबावर कितीही अँटेने लावा, उपयोग शून्य. आपल्या शहरांतही आता 'स्मार्ट' सिग्नल येताहेत, आणि यावेत. फक्त उद्‌घाटनाची फीत कापली जाण्याआधी कोणीतरी तीन प्रश्न विचारावेत. पासवर्ड बदलला का? सिमकार्डावर काय काय करता येतं? आणि पेटीत ते मुकाट यंत्र आहे ना, चालू आहे ना?

असो. त्या रात्री माझा दिवा काही हिरवा झालाच नाही. शेवटी उतरलो, पादचाऱ्यांचं बटण दाबलं आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडला.