झोपेतल्या दातांची साक्ष

मूल झोपेत दात खायला लागलं की आपल्याकडे म्हणायचे, जंत झालेत. फ्रान्समध्ये 1907 साली मारी आणि पिएत्केविच यांनी त्याला ‘ब्रुक्सोमानी’, म्हणजे दात खाण्याचं वेड, असं नाव दिलं. पण झोपलेला माणूस स्वतःचा साक्षीदार होत नाही. म्हणून पुढे रंगीत थरांची प्लास्टिकची पट्टी दातांवर बसवून झिजलेले थर मोजले. झीज किती ते कळलं. कधी झाली, ते नाही. मग पट्टीत दाब टिपणारी फिल्म आली, क्षणाक्षणाची नोंद मिळाली. मात्र पट्टी तोंडात असताना माणूस नेहमीसारखाच दात खातो का? 2018 मध्ये तज्ज्ञांनी म्हटलं, एरवी निरोगी माणसात हा रोग नव्हे, वर्तन आहे. त्यानं दात झिजू शकतात, हे खरंच. पण मोजणं वेगळं आणि माणसाला रोगी ठरवणं वेगळं, एवढं ध्यानात ठेवूया.