लोणावळ्याच्या पावसात फ्रंट लोड वॉशिंग मशीन का बिघडतं? दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं?

भुशी डॅमच्या पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं की पर्यटक खूश होतात. लोणावळ्यात कायम राहणाऱ्यांच्या घरात मात्र तेव्हा वेगळीच कटकट सुरू होते. दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही दमट असते, टॉवेलला कुबट वास येतो आणि वॉशिंग मशीनचं दार उघडलं की ओल्या गोणपाटाची आठवण होते. त्यातच एखाद्या दिवशी मशीन मध्येच थांबतं, डिस्प्लेवर दोन अक्षरं लुकलुकतात आणि "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या" असा सल्ला मिळतो.

नवं फ्रंट लोड मशीन म्हणजे साधारण २५ ते ४० हजारांचा खर्च. त्यामुळे एवढे पैसे काढण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते समजून घेतलेलं बरं. मावळात अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ ओल, गाळ आणि क्षार यांत असतं. मशीन धडधाकट असतं, फक्त तुंबलेलं असतं.

ओल जाते कुठे?

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगावकडे यावं तसा तो झपाट्याने कमी होतो. याच पावसावर वळवण, शिरोता आणि लोणावळ्याची धरणं भरतात आणि टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालत आलंय. वीजघराला हा पाऊस मानवला, मशीनच्या रबराला नाही.

फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराभोवती जाड रबराची घडी असते, तिला गॅस्केट म्हणतात. प्रत्येक धुण्यानंतर या घडीच्या खालच्या बाजूला थोडं पाणी, केस, धागे आणि पावडरचा चिकट थर उरतो. कोरड्या हवेत तो सुकून जातो. जुलैमधल्या लोणावळ्यात तो सुकत नाही आणि तिथे काळी बुरशी धरते.

उपाय फुकटातला आहे. शेवटचे कपडे काढल्यावर गॅस्केटची घडी उलटून जुन्या फडक्याने पुसायची, पावडरचा कप्पा बाहेर काढून ठेवायचा आणि दार चार बोटं उघडं ठेवायचं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दारावर लक्ष ठेवावं लागतं. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ‘टब क्लीन’वर, ते नसेल तर सगळ्यात गरम प्रोग्रामवर चालवावं. कायम थंड पाण्यात धुणाऱ्या घरांत वास जास्त येतो, कारण पावडरचा थर थंड पाण्यात नीट विरघळत नाही.

पावडरही बेताने घालावी. फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, म्हणून कमी फेसाची ‘फ्रंट लोड’ लिहिलेली पावडर किंवा लिक्विडच वापरायचं. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा बादलीतल्या धुण्याचा हिशेब इथे उलटा पडतो.

मेकॅनिकला फोन करण्याआधी

मशीन पाणी घेत नसेल तर आधी मागचा पाइप बघावा. नळ बंद करून पाइप मशीनपासून सोडवला की आत बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी दिसते. पहिल्या पावसात गढूळ पाणी आलं की ती गाळाने भरते. जाळी ब्रशने धुतली की कित्येकदा काम होतं. जाळी साफ असेल तर टाकीची उंची बघायची. बऱ्याच मशीनना पाण्याचा किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण तीन मीटर तरी वर हवं. बैठ्या बंगल्याच्या स्लॅबवर थेट ठेवलेली टाकी किंवा इमारतीचा शेवटचा मजला, इथे ही अडचण हमखास येते. त्यात मशीनचा दोष नसतो. स्टँड उंच केला किंवा छोटा प्रेशर पंप बसवला की प्रश्न मिटतो.

पाणी बाहेर जात नसेल तर समोर खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, छोटं झाकण असतं. त्यामागे पंपाचा फिल्टर असतो. तो उघडण्याआधी प्लग काढायचा, पाणी गरम असेल तर निवू द्यायचं आणि खाली परात ठेवायची. नाणी, सेफ्टी पिना, बाळाचा मोजा, असा बराच ऐवज तिथे सापडतो. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५ई’ किंवा ‘५सी’, बॉशवर ‘ई१८’ दिसलं तर रोख याच बाजूला असतो. एलजीवरचं ‘आयई’ म्हणजे पाणी आत येत नाही, ‘यूई’ म्हणजे कपड्यांचं वजन एका बाजूला गेलंय. एकटी चादर किंवा पायपुसणी घातली की हा शेवटचा कोड येणारच.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी नळाच्या तोंडाकडे बघावं. तिथे पांढरा थर असेल तर तोच थर मशीनच्या हीटरवरही साठत असणार. त्यासाठी बाजारात मिळणारी डीस्केलिंग पावडर पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वापरावी. ती किंवा व्हिनेगर ब्लीचसोबत कधीही घालू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र काहीही न तपासता मेन स्विच बंद करावा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग बघून घ्यावं.

वीकेंडचे बंगले आणि होमस्टे

मावळातली निम्मी गंमत इथे आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले तीन-तीन आठवडे बंद असतात. दार घट्ट लावलेलं, आत ओल, नळ चालू आणि प्लग तसाच. पावसाळ्यात वीज जाते, येते आणि येताना कधी जास्त दाबाने येते. त्यात कंट्रोल बोर्ड जळतो. उबदार, अंधारी जागा मिळाली म्हणून उंदीर खालून शिरतात आणि वायरी कुरतडतात. निघताना प्लग काढणं, नळ बंद करणं, दार किलकिलं ठेवणं आणि मशीनखाली उंदरांची जाळी बसवून घेणं, एवढ्यावर बरंच भागतं.

होमस्टेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की चादरी-टॉवेलांचे ढीग घरगुती मशीनमध्ये एकामागून एक धुतले जातात. घरगुती मशीनच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर सहसा बसत नाही. वॉरंटी कार्डावरची ती बारीक ओळ मशीन घेतानाच वाचावी.

खरा निर्णय कुठे येतो?

पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, गॅस्केट, बेल्ट, दाराचं लॉक, हीटर, शॉकअप. यातलं काही गेलं आणि मशीन आठ-नऊ वर्षांच्या आतलं असेल तर दुरुस्ती करावी, फार विचार करू नये.

बोर्डाचं तसं नाही. नवा बोर्ड महाग पडतो आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. पण ‘बोर्ड गेला’ म्हणजे अनेकदा त्यावरचा एखादा रिले किंवा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो बदलता येतो. लोणावळ्यात कोणी मिळालं नाही तर काढलेला बोर्ड पिशवीत घालून पुण्याची लोकल पकडता येते. शिवाजीनगरहून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली फार लांब नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी तो भाग प्रसिद्ध आहे. बोर्ड काढण्याआधी सगळ्या वायरींचे मोबाइलवर फोटो मात्र काढून ठेवावेत.

सगळ्यात अवघड दुखणं बेअरिंगचं. स्पिनच्या वेळी विमान उडाल्यासारखा आवाज येतो आणि तो महिन्यागणिक वाढतो. खात्री करायची असेल तर प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवावा. खरखर जाणवली, किंवा ड्रमची वरची कड उचलल्यावर आतला ड्रम बाहेरच्या टबपासून वेगळा हलला, तर बेअरिंग गेलंय. दोन्ही एकत्र हलले तर काळजी नाही, ते स्प्रिंगवर टांगलेलेच असतात.

इथे मेकॅनिकला एकच प्रश्न विचारायचा: टब स्क्रूचा आहे की वेल्डिंगचा? स्क्रूचा असेल तर तो उघडून बेअरिंग आणि सील बदलता येतं. अनेक नव्या मॉडेलमध्ये प्लास्टिकचा टब जोडून कायमचा बंद केलेला असतो, त्यामुळे काही हजारांच्या कामासाठी अख्खा टब-ड्रम बदलावा लागतो. काही कारागीर टब कापून, बेअरिंग घालून सिलिकॉनने पुन्हा चिकटवतात. हे चालतं, पण गळतीची जोखीम आपली. मशीन आठ वर्षांच्या पुढचं, टब बंद आणि खर्च नव्याच्या निम्म्याजवळ, असं सगळं जुळून आलं तर नवं घेणंच शहाणपणाचं.

‘मोटरवर १० वर्षं वॉरंटी’ या स्टिकरवर फार विसंबू नये. ती सहसा फक्त मोटरची असते, बोर्ड आणि बेअरिंग त्यात येत नाहीत. आणि मोटर क्वचितच जाते.

वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सहभागी कंपन्यांची सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती त्यावर एकत्र दिलेली असते.

नवं घ्यायचं ठरलं तर जुनं एक्स्चेंजमध्ये द्यावं किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनही येतं आणि जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवं मशीन बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना, हे समोर उभं राहून बघावं आणि ते बोल्ट पिशवीत बांधून जपून ठेवावेत. घर बदलताना तेच पुन्हा लावावे लागतात.