स्टार्ट आणि सोलापूरचे तारेचे कुंपण

मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींचा कारभार प्रामुख्याने ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने घडवला. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने होऊन साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला, आणि कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींत जन्मणे हेच संशयाला पुरेसे ठरले.

सोलापूरच्या वसाहतीत तारेचे कुंपण होते. आत रोज हजेरी, बाहेर पडायला पास, मोठ्यांना गिरणीत काम, मुलांना सक्तीची शाळा. वर्तणूक चांगली ठरली की कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या मुक्त वसाहतीत जाता येई. सरकारचा खरा डोळा पुढच्या पिढीवर होता. मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार कायद्यात होता. मात्र तो अधिकार होता, सक्ती नव्हे. त्यामुळे जिथे तो वापरला गेला, तिथे जबाब कायद्याइतकाच अंमलदारालाही द्यावा लागतो.

स्टार्ट यांना निव्वळ तुरुंगाधिकारी म्हणणे मात्र अपुरे आहे. १९२८ साली नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या ज्या समितीला त्यांचे नाव चिकटले, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी आणि ठक्करबाप्पा होते. अस्पृश्य मुलांना सरकारी शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू द्यावे, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, असा तिचा रोख होता. एकाच माणसाने एका वर्गाच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडा म्हटले आणि दुसऱ्या वर्गाच्या मुलांची शाळा तारेच्या आत चालवली. त्यांना जन्मजात गुन्हेगारी मान्य नव्हती, परिस्थिती बदलली की माणूस बदलतो असे ते मानत, हे खरेच. पण ती परिस्थिती बदलण्यासाठी निरपराध मूलही डांबावे लागते, हे गृहीतक त्यांनी सोडले नाही.

पुराव्याचीही अडचण आहे. वसाहतींचे यश सांगणारे वार्षिक अहवाल खात्याचेच. गुन्हे घटले हा त्यांचा मोठा दाखला. पण पासाशिवाय पाऊल टाकता येत नसेल तर ती घट माणूस सुधारल्याची की पहाऱ्याची, हे आकड्यावरून ठरत नाही. आत राहिलेल्यांचे म्हणणे छापून यायला कित्येक दशके गेली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव टिकले. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला.