तळटीप १७ : बांगलादेशची पेटी

१७. ही वाजवायची पेटी नव्हे. ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या तीन ध्वनिमुद्रिका एका खोक्यात मिळत, त्या खोक्याला लेखकाच्या कांचघरातल्या (जबलपूर) घरी हे नाव पडले. नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळाने पूर्व बंगालमध्ये तीन लाखांच्या आसपास माणसे नेली; पाठोपाठ युद्ध आणि निर्वासितांचे लोंढे. पंडित रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. आरंभी रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, तबल्यावर अल्लारखाँ. सतार आणि सरोद दोन्ही मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँच्या तालमीतले. मैहर जबलपूरहून कटनीमार्गे रेल्वेने काही तासांवर, म्हणून मजकुरात ‘आपल्याकडचेच’. बाबांचा जन्म मात्र पूर्व बंगालातला. लेखकाने हे सांगितलेले नाही, पण त्याशिवाय हा उतारा अपुरा वाटतो. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर त्याच महिन्यात युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकांचा पैसा करमाफीची नोंद आधी न केल्याने अमेरिकेत कित्येक वर्षे अडकून राहिला.