नवा लॅपटॉप, जुना परवाना : विकत घेतलेले विंडोज नेमके कोणाचे? (थ्रेड)

जुना लॅपटॉप कायमचा बंद पडतो आणि त्याच्या जागी नवा येतो. जुन्याच्या पाठीवर २५ अक्षरांची 'प्रॉडक्ट की' छापलेले लेबल अजून शाबूत असते. ती की नव्या यंत्रात भरली, तर विंडोज कधी मुकाट्याने स्वीकारते, कधी साफ नाकारते. पैसे मात्र दोन्ही वेळी मोजलेलेच असतात.

हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो एका जुन्या वादाचा अवशेष आहे : ग्राहकाला जे मिळाले ती 'विक्री' होती की केवळ वापराची 'परवानगी'? या वादाची पहिली मोठी लढाई संगणकाच्या जन्माआधी, एका कादंबरीवरून झाली.

बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' या कादंबरीच्या प्रतींवर एक सूचना छापली : किरकोळ किंमत १ डॉलर, त्याहून स्वस्त विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. दुकानाचे मालक स्ट्रॉस बंधू. (त्यांपैकी इसिडोर स्ट्रॉस १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले.) १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाविरुद्ध निकाल दिला. एकदा प्रत विकली, की त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही. 'प्रथम विक्रीचे तत्त्व' म्हणून कायद्यात जे ओळखले जाते, ते हेच. नकला काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा. हातातली प्रत मात्र ग्राहकाची.

संगणकाच्या जगात हा प्रश्न बराच काळ उद्भवलाच नाही, कारण सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे विकलेच जात नसे. ते यंत्राबरोबर येई. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याची घोषणा केली आणि प्रोग्रॅम हा एक स्वतंत्र माल झाला. पण हा माल विलक्षण होता. कादंबरीची नक्कल करायला छापखाना लागतो. प्रोग्रॅमची नक्कल घरबसल्या होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात हीच तक्रार होती : अल्टेअर संगणकासाठी केलेले बेसिक सर्वजण वापरतात, पैसे मोजणारे थोडे.

यावर सॉफ्टवेअर उद्योगाने शोधलेला उपाय कायदेशीर चातुर्याचा नमुना म्हणावा लागेल. प्रत विकायचीच नाही; फक्त वापरण्याचा परवाना द्यायचा. विक्रीच झाली नाही, तर प्रथम विक्रीचे तत्त्व लागू कसे होणार? डबा दुकानातून विकत आणायचा, पावती 'विक्री'ची मिळवायची आणि आतल्या बारीक अक्षरांत वाचायचे, की काहीही विकलेले नाही!

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम पुरवताना मायक्रोसॉफ्टने ती इतर उत्पादकांना देण्याचा हक्क स्वतःकडे राखला, आणि पुढचे सारे वैभव या एका अटीवर उभे राहिले. कालांतराने उत्पादकांशी असे करारही झाले, की विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी द्यायची, मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली भरलेली असो वा नसो. १९९४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत बंद झाली.

या व्यवहारातून परवान्याचे दोन वर्ण निर्माण झाले. यंत्राबरोबर येणारा, उत्पादकाला घाऊक दराने दिलेला 'ओईएम' परवाना स्वस्त, पण त्या एका यंत्राशी जन्माची गाठ बांधलेला. यंत्र गेले की तोही गेला. दुकानात स्वतंत्र डब्यात मिळणारा 'रिटेल' परवाना महाग. मात्र जुन्या संगणकावरून काढून टाकला तर नव्यावर नेता येणारा. ग्राहकाला हा भेद खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी सांगे.

परवान्यात आणखी एक कलम असे : अटी मान्य नसतील, तर न वापरलेले सॉफ्टवेअर परत करून परतावा मागावा. लिनक्स वापरणाऱ्यांनी हे कलम शब्दशः घेतले. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचा एक जथा कॅलिफोर्नियातील फॉस्टर सिटी येथे मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर परतावा मागायला गेला. पैसे मिळाले नाहीत. संगणकाच्या उत्पादकाकडे जा, असे सांगण्यात आले. हा दिवस 'विंडोज रिफंड डे' म्हणून ओळखला जातो.

जर्मनीत वेगळेच घडले. 'केवळ नव्या पीसीबरोबरच विक्री' असा शिक्का असलेल्या ओईएम प्रती एका व्यापाऱ्याने सुट्या विकल्या. जुलै २००० मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली : माल एकदा मालकाच्या संमतीने बाजारात आला, की पुढची विक्री अशा अटीने रोखता येत नाही. १९०८ च्या कादंबरीचाच हा नवा अवतार.

तोवर यंत्राशी बांधणारी अट कागदावर होती. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आले आणि ती अट यंत्राच्या आत जाऊन बसली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, मेमरी अशा दहा घटकांवरून संगणकाची एक सांकेतिक ओळख तयार होई आणि ती प्रॉडक्ट कीशी जोडली जाई. ३० दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोनवरून अ‍ॅक्टिव्हेशन करणे भाग होते. फोनवर आकड्यांची लांबलचक माळ वाचून दाखवायची आणि उत्तरादाखल मिळालेली दुसरी माळ उतरवून घ्यायची. बरेच सुटे भाग बदलले, की हा सोपस्कार पुन्हा! नामांकित कंपन्यांच्या संगणकांना यातून सवलत होती. त्यांच्या बायॉसमधील खूण पाहूनच विंडोज चालू होई.

येथे एक तात्त्विक पेच उभा राहिला. भाग बदलत गेलेला संगणक तोच राहतो का? मायक्रोसॉफ्टचे ओईएम धोरण सांगते, की मदरबोर्ड म्हणजेच संगणक. बिघाडामुळे बदलला तर परवाना टिकतो. हौसेने बदलला तर यंत्र नवे आणि परवानाही नवा घ्यावा लागतो. तत्त्वज्ञांनी शतकानुशतके चघळलेला प्रश्न एका कंपनीच्या धोरणाने असा दोन ओळींत निकालात काढला.

मूळ वाद मात्र मिटला नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये 'व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क' खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने म्हटले, की ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती विकता येणार नाहीत, कारण मूळ ग्राहक मालक नव्हता, परवानाधारक होता. जुलै २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने 'यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल' खटल्यात नेमका उलटा कौल दिला. पैसे घेऊन अमर्याद काळासाठी दिलेला परवाना ही विक्रीच होय. डाउनलोड केलेली प्रतही पुन्हा विकता येते, फक्त विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. दोन वर्षांच्या आत, अटलांटिकच्या दोन तीरांवर, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे!

भारतात याचा भाऊबंद प्रश्न करआकारणीच्या दारातून आला. २००४ मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी 'माल' ठरवला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आयकराच्या संदर्भात सांगितले, की अशा तयार सॉफ्टवेअरची किंमत ही रॉयल्टी नव्हे. या निकालांनी परवाना दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा हक्क कोणाला दिला नाही. पण डब्यातला प्रोग्रॅम ही विकली जाणारी वस्तू आहे, हे मान्य केले.

ग्राहकांच्या संतापानेही एकदा काम केले. २०१३ च्या आरंभी आलेल्या ऑफिस २०१३ चा रिटेल परवानासुद्धा पहिल्या संगणकाशीच कायमचा जखडला होता. ओरड झाली आणि मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अट बदलली : ९० दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा मिळाली.

दरम्यान लॅपटॉपच्या पाठीवरची ती चिठ्ठी लोप पावत होती. २०१२ च्या विंडोज ८ पासून उत्पादक प्रॉडक्ट की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच कोरू लागले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर अनेकांना की उरलीच नाही. यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि २०१६ पासून ही नोंद ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येते. रिटेल परवानाधारकाने नव्या यंत्रावर त्याच खात्याने प्रवेश करून 'हार्डवेअर नुकतेच बदलले आहे' हा पर्याय निवडला, की परवाना स्थलांतरित होतो. ओईएमवाल्याला ती वाट नाही. त्याने जुन्या ओईएम विंडोजवरून फुकट उन्नती घेतली असली, तरी नव्या परवान्याचा वर्ण जुनाच राहतो.

बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये त्याची स्वतःची की आधीच कोरलेली असते. विंडोज बसवणारा प्रोग्रॅम ती काही न विचारता वाचून घेतो, आणि तिची किंमत लॅपटॉपच्या बिलात वेगळी लिहिलेली नसते.