चाकणचा रुग्ण कोणत्या कायद्यात बसतो?

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे एमआयडीसी स्थापन झाली. दोन्हींचे कायदे 1961 चे. एकाने गावाच्या दवाखान्याची सोय लावली, दुसऱ्याने गावची जमीन कारखान्यांना मिळवून दिली. पुढे पुण्याजवळच्या चाकण परिसरात हे दोन्ही कायदे एकमेकांना भिडले.

शेजारच्या पिंपरीत 1954 पासूनच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी होती. कामगार वाढले, 1982 मध्ये महापालिका झाली, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभं राहिलं. कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं रुग्णालय होतंच. चाकणला नगरपरिषद मिळाली ती थेट 2015 मध्ये. मोठे मोटार कारखाने त्याआधीच आले होते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ही गावं कागदावर ग्रामपंचायती आणि प्रत्यक्षात कामगार वसाहती झाली.

सपाट प्रदेशात 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्यावर 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, हा सरकारी हिशोब. तो चालतो जनगणनेवर, आणि जनगणना 2011 ची. त्यानंतर बिहार, मराठवाडा, विदर्भातून येऊन चाळीच्या खोलीत राहणारा कामगार त्यात नाही. शिवाय आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन पायऱ्यांना दोन मालक!

प्रेसमध्ये बोटं सापडलेल्या पोराला ईएसआयचं संरक्षण कामाच्या पहिल्या दिवसापासून असतं. पण ठेकेदाराने त्याची नोंदणीच केली नसेल, तर जखमेवर फडकं गुंडाळून रिक्षात बसवणाऱ्या सोबत्यांना पहिला प्रश्न पडतो तो अनामत रकमेचा.

इथे एक जुना कायदा कामी येतो. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात 1985 मध्ये कलम 41 कक घातलं गेलं. धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखाव्यात, असं ते सांगतं. वीस वर्षं त्याची अंमलबजावणी ढिली होती. मग मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजनाच ठरवून दिली: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि रुग्णांच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम स्वतंत्र निधीत. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही; जीव वाचवण्याचे उपचार आधी द्यावे लागतात.

चाकणच्या लोकसंख्येची नव्याने मोजणी करून खाटा वाढवणं हे सरकारचं काम आहे, आणि ते लांबवायला कोणतीही सबब नाही. तोवर पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयात रुग्णाला न्यावं लागलं, तर शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि निर्धन रुग्ण योजनेचा अर्ज मागा. नकार मिळाला तर पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी तक्रार करा.