कुठी चालला गा? चंद्रपूर-गडचिरोलीच्या गाडीची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, किल्ले नाहीत, तहसुद्धा नाही. आज गाडी. आणि आमच्याकडं गाडी म्हणजे मोटरसायकल. मोटारीला आम्ही फोरव्हीलर म्हणतो, एसटीला बस म्हणतो. नुसतं 'गाडी आहे का?' असं विचारलं तर त्याचा अर्थ एकच होतो.

मी मूळचा मूलचा. (हो, दरवेळी हा विनोद होतो, होऊ द्या.) या भागासाठी मी दोन जिल्ह्यांत फिरलो, पंक्चरच्या दुकानांत बसलो, आणि शेवटी माझ्या मामाजींना रेकॉर्ड केलं. मागं कोंबडा आरवतो तो कापलेला नाही.

आधी थोडा नकाशा डोळ्यापुढं आणा. आज जे दोन जिल्हे आहेत ते आधी एकच होते. त्याचं नाव चांदा. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला साधारण पाऊण भाग जंगल. उत्तरेला कोरची, दक्षिणेला सिरोंचा, मधे वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा, आणि ज्यांची नावं फक्त त्या त्या गावाला माहीत आहेत असे शेकडो नाले. रेल्वे म्हणाल तर इतकी वर्षं सगळ्या जिल्ह्यात एकच देसाईगंज, म्हणजे वडसा. आता वडशाहून गडचिरोलीकडं रूळ टाकणं सुरू आहे.

म्हणजे काय, तर या भागात माणूस पायी चालला, बैलबंडीत बसला, सायकलवर आला, आणि तिथून थेट मोटरसायकलवर गेला. मधली मोटारीची पायरी बहुतेक घरांनी चढलीच नाही.

आता गाड्या कोणत्या? सुरुवातीला तीन नावं. बुलेट १९५५ पासून मद्रासकडं बनायला लागली, पण ती पोलीस, फॉरेस्टचे साहेब आणि मालगुजारांच्या पोरांची. जावा १९६१ पासून म्हैसूरला बनायची, १९७३ नंतर तीच येझदी झाली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यात. नवखा माणूस पहिल्या दिवशी हमखास फसायचा, आणि चौकातले लोक ते बघायला थांबायचे. तिसरी राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ च्या सुमारास एका पोलिश गाडीवरून बनवलेली, १७५ सीसी, टू-स्ट्रोक, जाहिरातीत धर्मेंद्र. जंगलात टिकली ती राजदूत. कारण सोपं आहे. ती वजनदार होती, दणकट होती, दुधाचे कॅन लादा नाहीतर धानाचं पोतं, कुरकुर करायची पण थांबायची नाही. आणि बिघडली तर पाना-पक्कड घेऊन कोणीही उघडू शकायचा.

एक त्रास मात्र होता. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागायचं. आणि पेट्रोल पंप? आलापल्ली सोडून आत गेलात की विसरा. किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळायचं, अजूनही मिळतं. खोबरेल तेलाच्या शेजारी ठेवलेलं. मामाजी सांगतात, बाटली उन्हासमोर धरून रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग दुकानदाराच्या तोंडाकडं बघायचं. या तीन परीक्षांत दुकानदाराचं तोंड सगळ्यात खरं सांगायचं.

मामाजी तेव्हा पेरमिलीच्या बाजूला किराणा दुकान चालवायचे आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडं मुन्शीचं काम करायचे. १९७९ मध्ये त्यांनी चंद्रपुरातून जुनी राजदूत आणली. तेंदूचा हंगाम म्हणजे मे महिन्यातले जेमतेम काही आठवडे. पहाटे बायका-पोरं पानं तोडणार, दुपारी ७० पानांचा एक पुडा बांधणार, संध्याकाळी पुडे मोजले जाणार. मुन्शीला एका दिवशी चार-पाच गावं गाठावी लागायची. सायकलनं ते जमत नव्हतं. म्हणजे मामाजींच्या भागात गाडी आली ती हौसेनं नाही, पुडे मोजायला आली.

यानंतरचा इतिहास पटकन सांगतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ऑईल मिसळायची कटकट नाही, आणि एका लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. १९९४ मध्ये स्प्लेंडर. पेट्रोल तीस-चाळीस किलोमीटर लांब असलेल्या माणसाला ॲव्हरेज म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला नाही कळणार. राजदूत हळूहळू गोठ्यात गेली. १९८९ पासून एमएचचे नंबर आले, गडचिरोलीला ३३ आणि चंद्रपूरला ३४. तेव्हापासून ब्रह्मपुरीच्या चहाच्या टपरीवर 'तेहतीसवाले आले' म्हणून चिडवणं सुरू आहे.

पण मला सांगायचंय ते गाडीबद्दल कमी आणि गाडीवाल्यांच्या बोलण्याबद्दल जास्त.

आमच्याकडं समोरून गाडी आली की दोघंही थांबतात. ओळख असो नसो. इंजिन बंद करतात, पाय टेकवतात. 'कुठी चालला गा?' 'एटापल्लीले.' 'कोनाचा?' मग गाव, मग बापाचं नाव, मग निघतंच काहीतरी नातं. आदिवासी गावाच्या माणसाला 'जय सेवा' म्हणायचं, नाहीतर राम राम. तंबाखूची पुडी निघते. मग खरा प्रश्न येतो: 'समोर पानी कसा आहे?'

इतिहासात आपण तार, टपाल, टेलिफोन शिकतो. या दोन जिल्ह्यांच्या आतल्या भागात मोबाईलचा टॉवर येईपर्यंत बातमीची तार म्हणजे हे रस्त्यावरचं थांबणं होतं. बस बंद आहे का, नाला भरला का, झाड पडलं का, बाजार भरला का, वाघ दिसला का. हल्ली त्यात हत्तीही आले, कारण २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरलाय. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की बातमी वेगळी: कोणत्या गावात कोणती कंपनी, कोणतं नाटक, हिरोईन कोण. वडशात या नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. थंडीत कानाला गमछा गुंडाळून, एका गाडीवर तिघं, तीस किलोमीटर जायचं, रात्रभर नाटक बघायचं आणि उजाडताना परत यायचं. मी स्वतः कॉलेजात असताना हे इतकं केलंय की माझ्या बारावीच्या मार्कांचा इतिहास त्यातच दडलाय. (कॉलेज म्हणजे ज्युनिअर कॉलेज. आई ऐकत असेल तर, तिघं नव्हतो, दोघंच होतो.)

मात्र याच प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून नक्षलवादी या जंगलात आले. त्यानंतर 'कुठून आला, कुठे चालला' हा प्रश्न तीन प्रकारची माणसं विचारू लागली. सोबतचा गाडीवाला विचारायचा, पोलीस विचारायचे, आणि जंगलातले 'दादा' विचारायचे. शब्द तेच. मामाजी म्हणतात, 'प्रश्न आयकायचा नाही गा, आवाज आयकायचा. मंग ठरवायचा काय सांगाचा.' त्या काळात गाडीवाले रात्री निघेनासे झाले. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या ठिकाणी सांगायचं नाही, असा अलिखित नियम झाला. पाण्याचं बोलायचं, माणसांचं बोलायचं नाही.

आता मामाजींची ती गोष्ट. मी चाळीस वर्षांचा होत आलो, पण ती मी पहिल्यांदा या रेकॉर्डिंगमध्ये ऐकली. मामीलाही पूर्ण ठाऊक नव्हती.

१९८४ चा पावसाळा. शेजारच्या गावातल्या एका दहा-अकरा वर्षांच्या पोराला बांधावर साप चावला. गावात गाडी एकच, मामाजींची. दवाखाना म्हणजे हेमलकसा. तिथं २३ डिसेंबर १९७३ ला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला होता आणि सर्पदंशाचा माणूस तिकडंच न्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं. मामाजी पुढं, मधे पोरगा, मागं त्याचा बाप. वाटेत समोरून एक सायकलवाला भेटला. 'पानी कसा आहे?' तो म्हणाला, 'भरून आहे, पन उतरून राहिला. घंट्याभरात उतरते.'

दुसरी एक वाट होती. लांबची, वरच्या अंगानं, जिथं चार माणसं मिळाली तर गाडी बांबूला बांधून खांद्यावर पलीकडं नेता यायची. आमच्याकडं हे करतात, मी स्वतः खांदा दिलाय. दोन जाड बांबू चाकांतून घालायचे आणि वरात निघाल्यासारखी गाडी उचलायची. पण त्या वाटेनं दोन तास जास्त. सायकलवाला म्हणाला घंटाभर. मामाजी नाल्यावर थांबले.

पाणी उतरलं नाही. वर कुठंतरी पुन्हा पाऊस झाला होता, नाला तासाभरात आणखी चढला. मग लांबच्या वाटेनं निघाले, तिथं प्लगमध्ये पाणी गेलं, गाडी बंद पडली. प्लग काढ, पूस, किक मार. तोवर पोराला बोलता येत नव्हतं. ते हेमलकशाला पोचलेच नाहीत.

रेकॉर्डिंगमध्ये इथं बराच वेळ कोणी काही बोलत नाही. मी ती शांतता कापली नाही. मग मी विचारलं, 'मामाजी, त्या सायकलवाल्याचा राग नाही आला?' ते म्हणाले, 'त्याचा कायचा राग? तो खोटा नाही बोलला. त्यानं पायलं तवा पानी उतरतच होतं. चूक एवढीच, का त्यानं पुढचं सांगतलं.'

त्यानंतर मामाजींनी एक सवय धरली. कोणी पाण्याचं विचारलं तर ते फक्त आपण पाहिलेलं सांगतात आणि कधी पाहिलं ते सांगतात. 'मी पार झालो तवा गुडघाभर होता. सूर्य त्या मोहाच्या वर होता.' बस. उतरेल का, चढेल का, थांबू का, याचं उत्तर ते देत नाहीत. लोक चिडायचे. 'एवढा शिकलेला मानूस, अना एवढंही सांगत नाही!' आणि स्वतः दुसऱ्याला विचारतात तेव्हा पहिला प्रश्न 'पाणी किती' हा नसतो. 'तू कवा पार झाला?' हा असतो.

मला वाटलं ही एकट्या मामाजींची रीत. पण मग मी फिरताना कान देऊन ऐकायला लागलो. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर जुनी माणसं अशीच बोलतात. आधी वेळ, मग पाणी, अंदाज नाही. ही रीत कोणी सुरू केली ते शोधायचा माझा विचार नाही. ज्या ज्या घाटावर कोणी थांबून चुकलं असेल, तिथं तिथं ती सुरू झाली असेल असं मला वाटतं.

जगात दुसरीकडंही रस्ता नसलेल्या ठिकाणी दुचाकीनं असंच केलंय. युगांडा-केनियाच्या सीमेवर 'बोडा-बोडा' आहे. बॉर्डरपासून बॉर्डरपर्यंत, म्हणून ते नाव पडलं म्हणतात. आधी सायकलवर, मग मोटरसायकलवर माणसं वाहणारे. आपल्या महाराष्ट्रात २०१७ ला मुंबईत बाईक ॲम्ब्युलन्स आली, ट्रॅफिकमधून वाट काढायला. ती बातमी वाचून मामाजी हसले होते. त्यांच्या हिशेबानं त्यांची राजदूत १९८४ लाच ॲम्ब्युलन्स होती, फक्त तिला सायरन नव्हता. भामरागडकडून आजही अधूनमधून मोटरसायकलला बांधलेल्या खाटेचे फोटो पेपरात येतात. ते बघितले की मी ते मामाजींना दाखवत नाही.

बदल झालाच नाही असं नाही. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि त्या भागात पहिल्यांदा एसटी गेली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. ग्रामसभा आता तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला तिथून हे सुरू झालं. तेंदूचा पैसा हातात आला की मी फिरलो त्या गावांत नवीन गाडी दारात उभी राहते. पूर्वी गाडी पुडे मोजणाऱ्याची होती, आता पानं तोडणाऱ्याची आहे. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा इतिहास तो आहे, पण त्यावर वेगळा भाग करू.

गेल्या पावसाळ्यात मी पर्लकोटेच्या पुलाजवळ होतो. जुना पूल बुटका, दरवर्षी पाण्याखाली जातो. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. माझ्या शेजारी एक पोरगा होता, वीस-बावीसचा, हातात फोन, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर व्हॉईस मेसेज टाकत होता. मी सहज ऐकलं.

'आता साडेचार झाले. पानी पुलाच्या वर एक हात आहे. मी येथीच उभा आहो.'

पलीकडून लगेच कोणाचा तरी मेसेज आला, 'कवा उतरन गा?'

पोरानं फोन खिशात टाकला आणि तंबाखू मळायला लागला.